सुईचा शॉट

१

चोर सहसा जागा रिकामी करून जातो. आमच्या कॉलेजातल्या चोराने ती भरून ठेवली होती.

सोमवारी सकाळी एडिटिंगच्या खोलीत आम्ही चौघं दाटीवाटीने पडद्याकडे बघत होतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक थरारपट केला होता आणि त्याची सुरुवातीची नामावली चालू होती. एक हात येतो, काचेचा पेला पुसतो. पेला आधीच स्वच्छ असतो, तरी हात थांबत नाही. नाव येतं. दुसरा हात उकडलेलं अंडं सोलतो, फार सावकाश. नाव येतं. तिसरा हात बरणीचं झाकण लावतो, उघडतो, परत लावतो. नाव येतं. चौथ्या हाताची पाळी आली आणि पडदा काळा झाला. खालचा घुमणारा सूर चालू, नाव चालू, हात नाही. मग पाचवा हात आला आणि काही घडलंच नाही अशा थाटात शर्टाची बटणं लावू लागला.

"सर, सुई गेली," कात्री म्हणाला.

कात्री म्हणजे या सिनेमाचा संकलक. कमी बोलतो आणि बोललाच तर मधूनच बोलणं तोडतो, म्हणून नाव कात्री. त्याच्या शेजारी ट्रायपॉड, कॅमेरा चालवणारा, बसला तरी उभा वाटणारा. आणि दाराला टेकून पुन्हाबाई. ती दिग्दर्शिका. कुठलाही शॉट कितीही चांगला झाला तरी ती मान हलवते आणि म्हणते, "पुन्हा." चमच्याने साखर ढवळण्याच्या एका शॉटपायी तिने ट्रायपॉडला एकदा जवळजवळ रडवलं होतं.

या नामावलीच्या आखणीत मुलांनी अख्खा हिवाळा घालवला होता. भिंतीवर एकेका शॉटचं चित्र काढलेली कार्डं टाचलेली होती. ट्रायपॉडला सुरा हवा होता, धुकं हवं होतं, फुटक्या डोळ्याची बाहुली तर हवीच होती. पुन्हाबाईने सगळं कचऱ्यात टाकलं. "सुरा दिसला की माणूस निर्धास्त होतो. त्याला कळतं, हा सिनेमा आहे. मला घरातलं काम हवंय. रोजचं. आणि त्यात एवढंसंच काहीतरी चुकलेलं."

ते एवढंसं सगळ्यात चांगलं साधलं होतं चौथ्या शॉटमध्ये. एक पुरुषी हात सुईत दोरा ओवतो. दोरा नेढ्याजवळ येतो, थरथरतो, चुकतो. परत येतो, परत चुकतो. बघताना आपलेच दात आवळले जातात. शेवटी दोरा आत जातो आणि त्याची तर जास्तच भीती वाटते.

शुक्रवारी पालकांना बोलावून कच्ची प्रत दाखवली, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक उभे राहून म्हणाले होते, "हा हात कुणाचा? असा नट तुम्हाला मिळाला कुठे?"

"माझे बाबा," पुन्हाबाई म्हणाली होती.

सभागृहात कौतुकाची लाट उठली, कारण तिचे बाबा म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. ज्या हाताने माणसं आपली बुबुळं निर्धास्त सोपवतात, त्या हाताने अशी थरथर आणायची म्हणजे कमाल झाली. डॉक्टर स्वतः दवाखान्यात अडकले होते, पण त्यांच्या वाटच्या टाळ्या कडाडल्या. त्यांच्या बायकोने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या मांडीवर पर्स, चष्म्याची डबी आणि स्वेटर असा संसार होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

आता तो शॉट यंत्रातून गेला होता, कपाटातल्या दुसऱ्या प्रतीतून गेला होता, कॅमेऱ्यातलं मूळ मेमरी कार्ड गायब होतं, आणि भिंतीवरचं त्याचं कार्डही गेलं होतं. चार टाचण्या तेवढ्या जागेवर होत्या.

कपाटाची किल्ली कात्रीकडे असते. प्राचार्यांनी दहा मिनिटांत निकाल लावला. "गुरुवारपर्यंत दुसरं कोणी सापडलं तर ठीक. नाहीतर या मुलाचं नाव काढून टाकू. सर, चौकशी तुम्ही करा. तुम्ही रहस्यपटाचा पेपर शिकवताच."

पाकशास्त्राचा पेपर शिकवणाऱ्याला स्वयंपाक येतो असं मानण्यासारखंच हे होतं. त्यातून माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन पुन्हाबाईच्या वडिलांकडेच ठरलं होतं आणि दोनदा पुढे गेलं होतं, एकदा मशीन बिघडलं म्हणून, एकदा डॉक्टर परिषदेला गेले म्हणून. आता येत्या शनिवारची तारीख होती. थोडक्यात, एका डोळ्याच्या माणसाला गुप्तहेर नेमण्यात आलं.

बाहेर पडताना कात्रीने मला गाठलं. "सर, दादाने सांगून ठेवलंय. हे वर्ष गेलं तर सरळ टायरच्या दुकानात बसायचं." थोडं थांबून तो म्हणाला, "मला टायर कापता येत नाहीत."

२

ट्रायपॉडला मी कँटीनमध्ये पकडलं. तो बिस्किट चहात बुडवून ते मोडायची वाट बघत होता.

"मला सुरा हवा होता हे खरं," तो म्हणाला. "पण सुईचा शॉट मी घेतलाय, सर. सगळे म्हणाले एवढ्या जवळून फोकस राहणार नाही. राहिला. आईला दाखवायला मी शुक्रवारी मुद्दाम बोलावलं होतं. मी का पुसेन?"

"रागाने. तुझी बाहुली कचऱ्यात गेली."

"बाहुली माझ्या बहिणीची होती. तिनेच परत मागितली." बिस्किट मोडलं. त्याने शांतपणे चमच्याने ते बाहेर काढलं. "आणि खरं सांगू, एवढं रडायचं काय आहे? हात तिच्या घरातच आहेत. जायचं, बाबांना बसवायचं, सुई द्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. मी सकाळी तेच म्हणालो."

"मग?"

"नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, तसं परत जमणार नाही. आता बोला. त्या दिवशी त्याच बाबांकडून तिने इतक्या वेळा करून घेतलं की त्यांची कॉफी दोनदा गार झाली."

मी चहा संपवला आणि निघालो. जिन्यात येईपर्यंत मला काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळेना. कॉलेजच्या फळ्यावर कोणीतरी खडूने मोठं चित्र काढलं होतं. सुई. आणि खाली लिहिलं होतं: चोर कात्री.

३

"फळ्यावरचं ते पुसू का?" मी विचारलं.

"राहू दे," कात्री म्हणाला. "चित्र चांगलं आहे."

एडिटिंगच्या खोलीत तो एकटाच होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि किल्लीचं विचारलं. किल्ली त्याच्याकडे असते याचा अर्थ स्विचबोर्डाच्या मागे असते, आणि हे झाडूवाल्या बाईंपासून प्राचार्यांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचार्य सोडून.

"सुईवर आधी तुझं नाव येणार होतं ना?"

"हो. शुक्रवारी पालकांना दाखवायच्या आधी तिने स्वतःचं टाकलं."

"राग आला?"

"आला. शनिवार, रविवार मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही, कारण मी एरवीही बोलत नाही."

तो अपराधी असता तर एवढं प्रामाणिक बोलला नसता, असं माझ्या मनात आलं. पण माझ्याच पेपरात मी शिकवतो की अपराधी नेमका असाच बोलतो. शिकवण्याचा हा एक तोटा.

"तो काळा तुकडा कोणी टाकला असेल?"

"ज्याला संगीत कळतं त्याने." त्याने पडद्यावरची सिनेमाची पट्टी मागेपुढे केली. "नुसता शॉट काढला असता तर पुढचं सगळं सरकलं असतं. बटणवाला हात चुकीच्या सुरावर आला असता. शॉट होता तेवढाच काळोख भरलाय. मला विचाराल तर मीही असंच केलं असतं."

"हे प्राचार्यांना सांगू नकोस."

"बरं." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्या शॉटसारखं काम मी कधी केलं नव्हतं, सर. नट काय करतो, पहिल्यांदा जास्त करतो, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा विसरतो. जोडताना जीव जातो. डॉक्टरांचं कुठूनही कापा, कुठेही जोडा. थरथर तीच. तशीच्या तशी."

"मला बघायला हवं होतं ते सगळं."

"बघता येणार नाही. ऐकता येईल."

"म्हणजे?"

"चित्र गेलंय. आवाज कुठे गेलाय?" तो माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत होता. "आवाज आम्ही वेगळ्या यंत्रावर घेतो. तो वेगळ्या कपाटात असतो. त्याला कोणी हात लावलेला नाही. आवाजाची आठवण कुणाला असते?"

त्याने हेडफोन माझ्या कानांवर बसवला.

आधी पंख्याची घरघर. मग पुन्हाबाईचा आवाज: "बाबा, सुरू करा." श्वास. बराच वेळ नुसता श्वास. "छान. पुन्हा. बाबा, जरा कमी हलवा." श्वास. "अजून कमी, बाबा." श्वास. "बाबा, एकदा अजिबात न हलवता करा ना. मला बघायचंय कसं दिसतं." यावेळी श्वास मोठा होत गेला, जिना चढणाऱ्या माणसाचा असतो तसा. टेबलावर काहीतरी आपटलं. मग डॉक्टर हसले आणि म्हणाले, "राहू दे गं. असंच जास्त भीतीदायक दिसतं."

"बरोबर," पुन्हाबाई म्हणत होती. "असंच ठेवू."

मी हेडफोन काढला. माझे कान गरम झाले होते. कात्रीने विचारलं, "काय झालं, सर?"

"काही नाही," मी म्हणालो. "शनिवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

४

पुन्हाबाई मला गच्चीच्या पायऱ्यांवर सापडली. मांडीवर एक कोरं कार्ड होतं आणि पेन्सिल. चौथ्या हातासाठी नवीन काम शोधत होती. कार्डावर तिने चमचा काढून खोडला होता, कंगवा काढून खोडला होता.

मी खालच्या पायरीवर बसलो. माझ्या वयाला वरची पायरी शोभते, पण गुडघ्यांचं मत वेगळं आहे.

"सुईचं तुला कळलंय, मला कळलंय," मी म्हणालो. "तू बोलतेस का मी बोलू?"

"तुम्ही बोला. तुम्हाला आवडतं."

"कात्रीने पुसला असता तर त्याने आवाज आधी पुसला असता. त्याचं निम्मं आयुष्य चित्राला आवाज जोडण्यात जातं, तो आवाज विसरेल कसा? ट्रायपॉड विसरला असता. पण ट्रायपॉडने तो काळोख असा मापात भरला नसता. त्याला कॅमेऱ्याबाहेर काही मोजता येत नाही. ज्याने शॉट काढला त्याला सिनेमा मोडायचा नव्हता. आवाज मात्र त्याच्या ध्यानात नव्हता. असं माणूस उरतं एकच."

ती कार्डाकडे बघत राहिली.

"हेही सोडून देऊ. पण ट्रायपॉड म्हणाला परत घेऊ, आणि तू नको म्हणालीस. तू. या इमारतीत कोणी शिंकलं तरी 'पुन्हा' म्हणणारी मुलगी."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मला आज, कानांनी. तुला?"

"शुक्रवारी." तिने पेन्सिलीचं टोक पायरीवर घासलं. "सगळे टाळ्या वाजवत होते. मी आईकडे बघितलं. आई वाजवत नव्हती. पडद्याकडे बघतही नव्हती. तिच्या तोंडावर असं काही होतं की... मग मला सगळं एकदम दिसलं. जेवताना बाबा हल्ली ताटावर वाकून का बसतात. पेपर टेबलावर पसरून का वाचतात. आणि मी त्यांना सांगत होते, बाबा, जरा कमी. मला वाटत होतं मी दिग्दर्शन करतेय."

खाली कोणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं.

"घरी विचारलंस?"

"कसं विचारू, सर? आमचं घर त्या हातांवर उभं आहे. आणि हा शॉट पुढच्या महिन्यात दाखवला की त्यांचे सगळे डॉक्टर मित्र येणार. त्यांना अभिनय थोडाच वाटेल?"

"तुला कात्रीचं माहीत आहे ना? गुरुवारी त्याला काढतील."

"मला वाटलं नव्हतं त्याच्यावर जाईल."

"गेलं."

"उद्याच सांगते प्राचार्यांना. मीच पुसला. आवडला नाही म्हणून."

"परीक्षकांनी डोक्यावर घेतलेला शॉट दिग्दर्शिकेला आवडला नाही, हे प्राचार्य लगेच मानतील. दिग्दर्शकांबद्दल त्यांचं मत तसंच आहे. मग कात्रीऐवजी तुला काढतील." मी उठलो. "शॉट खरंच पुसलास?"

तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड होतं, कॅमेऱ्यातलं मूळ. "नाही जमलं," ती म्हणाली. "फार चांगला आहे, सर."

"खोटं काय बोलायचं ते दोन दिवसांत ठरव. पण माझा एक प्रश्न आहे आणि तो कॉलेजचा नाही. शनिवारचं काय?"

"शनिवारी काय आहे?"

"तुझ्या बाबांसमोर मी आहे. आडवा. डोळा उघडा ठेवून."

तिच्या मांडीवरचं कार्ड पायऱ्यांवरून घसरत खाली गेलं, आणि आमच्यापैकी कोणीही ते उचलायला गेलं नाही.

५

डॉक्टरांचा दवाखाना नेहमीसारखा चकचकीत होता. समोरच्या भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं. मला वरच्या दोन ओळी दिसतात, तिसरीचा अंदाज येतो आणि बाकीच्या ओळी आहेत असं लोक सांगतात.

डॉक्टर कोटाच्या खिशात हात घालून आत आले. आजवर मला ही त्यांची ऐट वाटायची. डोळ्यात थेंब त्यांच्या मदतनीस बाईंनी घातले. गेल्या खेपेलाही त्यांनीच घातले होते. त्याच्या आधीच्याही.

"सर, शनिवारी जरा अडचण आहे," डॉक्टर म्हणाले. "मशीनचा एक भाग यायचाय."

मदतनीस बाई बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, मशीन ठीक आहे."

ते हसले. हेडफोनमध्ये ऐकलेलंच हसू. मग त्यांनी खिशातून हात काढले आणि टेबलावर, आम्हा दोघांच्या मध्ये ठेवले. उजवा हात स्वतःच्याच तंद्रीत हलत होता, झोपेत कूस बदलणाऱ्या लहान मुलासारखा.

"गेल्या उन्हाळ्यापासून मी कुणाच्याही डोळ्याला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "एवढं लक्षात ठेवा. मशीन बिघडतं, परिषदा होतात, वीज जाते. परिषदा इतक्या झाल्या की आता मला विद्वान समजतात. फक्त एक वाक्य बोलायचं होतं लोकांना. ते होत नव्हतं."

"मग कॅमेऱ्यासमोर का बसलात?"

"लेक म्हणाली, बाबा, तुमचे हात हवेत. नाही कसं म्हणू? मला वाटलं, तेवढा वेळ हात धरून ठेवता येईल. नाही धरता आला. आणि ती म्हणाली, वा बाबा, काय अभिनय. सर, एवढ्या महिन्यांत तीच एक दुपार अशी गेली की मला तो लपवावा लागला नाही. जितका हलला तितकी ती खूश. मग म्हणाली, कमी करा." ते हातांकडे बघत होते. "तिला कळलंय का?"

मी सुईच्या शॉटचं काय झालं ते सांगितलं. काळ्या तुकड्याचं सांगितलं, ओढणीच्या गाठीचं सांगितलं. शेवटी गुरुवारचं आणि टायरच्या दुकानाचं सांगितलं.

"हा कात्री म्हणजे तो बोलत नाही तो? घरी आला की माझ्या मासिकांतल्या डोळ्यांची चित्रं बघत बसतो?"

"तोच."

डॉक्टरांनी हात परत खिशात घातले. "गुरुवारी किती वाजता आहे तुमचं ते?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

६

प्राचार्यांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि कात्री उभा होता. कोणी बस म्हणालं नव्हतं. दाराजवळ त्याचा दादा, टायरच्या रंगाचे हात मागे बांधून.

"तर सर, चोर कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पुन्हाबाई उठली. चेहरा पांढरा, आवाज पाठ केलेला. "तो शॉट मी काढला. मला आवडला नव्हता."

"आवडला नव्हता," प्राचार्य म्हणाले. ते मानायला निघालेच होते.

दार वाजलं आणि डॉक्टर आत आले. मागे त्यांची बायको. खोलीत एकदम अदब पसरली. प्राचार्यांच्या चष्म्याचा नंबर त्यांनीच काढलेला. "या डॉक्टर, या. चहा घेणार?"

"घेतो ना," डॉक्टर म्हणाले.

चहा आला. डॉक्टरांनी उजवा हात खिशातून काढला आणि कपबशी उचलली. कप बशीवर वाजू लागला. बारीक, भरभर, न थांबता. आधी कोणाचं लक्ष गेलं नाही, मग सगळ्यांचं गेलं. चहा बशीत सांडला, बशीतून मनगटावर. त्यांनी कपबशी खाली ठेवली नाही.

"वा," प्राचार्य हसत म्हणाले, "डॉक्टर अजून त्याच भूमिकेत आहेत."

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही भूमिकेत नव्हतो."

कपबशी वाजत राहिली. मी त्या खोलीत वर्षानुवर्षं बैठकांना बसलो आहे. तिथे इतकं स्पष्ट कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

"माझ्या मुलीने तो शॉट माझ्यासाठी लपवला," ते म्हणाले. "त्या मुलाचा यात काही संबंध नाही. त्याला बसू द्या." मग पुन्हाबाईकडे वळून म्हणाले, "आणि तू, परत लाव तो. एवढं चांगलं काम मी परत करणार नाही."

तिने बाबांच्या हातातली कपबशी घेतली. ती तिच्याही हातात वाजली, पण थोडाच वेळ.

कात्री बसला. दादाने पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग शर्टावर डाग पडेल म्हणून काढून घेतला. पुन्हाबाईला समज देण्यात आली. समज देणे हा आमच्या कॉलेजातला एकमेव विषय आहे ज्यात कोणी नापास होत नाही.

माझा डोळा डॉक्टरांनी सुचवलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केला. सिनेमा दाखवला त्या संध्याकाळी मी पट्टी बांधून मागच्या रांगेत होतो. पेला आला, अंडं आलं, बरणी आली. मग सुई आली, आणि तिच्यावर कात्रीचं नाव. सभागृहात ज्यांना माहीत होतं ते गप्प होते. ज्यांना माहीत नव्हतं तेही गप्प होते. दोरा चुकला, चुकला, आत गेला.

माझ्यापुढे दोन रांगा सोडून डॉक्टर बसले होते. शेजारी त्यांची बायको. पर्स, डबी, स्वेटर, सगळं तिने खाली जमिनीवर ठेवलं होतं. एका डोळ्याने जेवढं दिसतं तेवढं मला दिसलं. डॉक्टरांचे हात खिशात नव्हते. तिच्या मांडीवर होते, उघड्यावर, आणि हवे तसे हलत होते.